तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लूट आणि हार्पच्या मैफलीत ऐकायचे काय?

दुपारच्या जेवणाच्या सुटीत चर्चमध्ये होणाऱ्या फ्लूट (आडवी पाश्चात्त्य बासरी) आणि हार्प (उभ्या चौकटीत ताणलेल्या तारा बोटांनी छेडायचे मोठे वाद्य) यांच्या छोटेखानी मैफलींना मी आवडीने जाते, हे कळले की हिंदुस्थानी संगीतात रमणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: तिथे तबला नाही, शब्द नाहीत, ओळखीचा राग नाही, मग पाऊण तास ऐकायचे तरी काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की दोघांचा सूर जुळलेला कसा राहतो, ते ऐकायचे. त्यासाठी वादकांची जी अखंड धडपड चाललेली असते, ती या जोडीत जितकी उघडपणे कानावर येते तितकी इतरत्र क्वचितच येते.

हार्पची तार छेडली की तिचा नाद त्याच क्षणापासून विरू लागतो. वादकाला तो नंतर वाढवता येत नाही, फार तर तारेवर हात ठेवून थांबवता येतो. फ्लूटचा स्वर मात्र श्वासावर उभा असतो, त्यामुळे तो लागल्यानंतरही फुलवता येतो, बारीक करता येतो, शेवटी अगदी धाग्याएवढा उरवता येतो. या दोन स्वभावांमध्ये चर्चची वास्तू मध्यस्थी करते. दगडी भिंती आणि उंच छत यांच्यामुळे हार्पचा विरता नाद काही क्षण रेंगाळतो आणि फ्लूटच्या लांब स्वराला खालून आधार मिळतो. अर्थात त्याच गुंजनात फ्लूटच्या द्रुत ताना एकमेकींत मिसळून जाण्याचा धोका असतो, म्हणून जाणते वादक अशा जागी लय थोडी उतरवतात. गालिचे अंथरलेल्या, बुटक्या छताच्या सभागृहात हीच जोडी मला कोरडी वाटते.

आता सुराकडे येते. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो, दर अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने अधिक. त्यामुळे फ्लूटच्या नळीतला स्वर चढतो. हार्पच्या तारा मात्र उबेने सैल होतात आणि त्यांचा स्वर उतरतो. त्यातच मधल्या सप्तकांतल्या तारा बहुधा आतड्यांच्या तातीच्या असतात आणि हवेतल्या ओलाव्यानेही त्या सुरावरून हलतात. म्हणजे गार पडलेले चर्च श्रोत्यांच्या गर्दीने उबदार होऊ लागले की दोन्ही वाद्ये विरुद्ध दिशांना सरकतात. हार्पला 47 तारा असतात; रचना चालू असताना त्या पुन्हा जुळवणे अशक्यच. सारी जबाबदारी फ्लूटवादकावर येते, आणि तो ओठांची ठेवण किंवा वाद्याचा कोन किंचित बदलून प्रत्येक स्वर हार्पपाशी आणून ठेवतो. एखादा लांब स्वर आरंभी जरासा वर असतो आणि मग हार्पच्या स्वरात मिसळून जातो, हे एकदा ऐकू येऊ लागले की पाऊण तास अपुरा वाटतो.

रागाचा प्रश्न विचारणाऱ्यांना हार्पच्या सात पेडलांविषयी सांगायला मला फार आवडते. डाव्या पायाकडे तीन, उजव्याकडे चार. प्रत्येक पेडल सप्तकातल्या एकेका स्वराचे, आणि ते तीन जागी अडकवता येते. मधली जागा मूळ स्वराची, वरची अर्ध्या स्वराने उतरलेल्या स्वराची, खालची अर्ध्या स्वराने चढलेल्या स्वराची. पाश्चात्त्य ‘सी’ हा षड्ज मानला, तर रिषभ, गंधार आणि धैवताची पेडल वर, मध्यमाचे खाली, बाकीची मध्ये ठेवताच सगळ्या सप्तकांत तोडी रागाचे स्वर तयार होतात. स्वरमंडळ रागात लावून ठेवतात तसेच हे, फक्त काही क्षणांत पायांनी होणारे. रविशंकर यांनी 1970च्या दशकात फ्रेंच फ्लूटवादक ज्याँ-पिएर राम्पाल यांच्यासाठी तोडीवर आधारित रचना केली, तिच्यात साथीला हार्पच घेतली होती. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, मात्र हार्पला जवळजवळ अशक्य आहे. फ्लूटलाही, चाव्यांच्या यंत्रणेमुळे, ती बांबूच्या बासरीइतकी सहज येत नाही, आणि ही उणीव मला खरोखर जाणवते.

ही जोडी मोझार्टने प्रतिष्ठेला नेली, असे मी मानते. त्याने 1778 मध्ये पॅरिसला फ्लूट वाजवणारा एक सरदार आणि हार्प वाजवणारी त्याची मुलगी यांच्यासाठी कन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने या दोन वाद्यांनी वाजवायची रचना, लिहिला. तेव्हाच्या हार्पचे पेडल तारेचा स्वर फक्त एकदा, अर्ध्या स्वराने चढवू शकत असे. तीन जागांची यंत्रणा सेबास्तियाँ एरार याच्या 1810च्या पेटंटनंतर रुळली. पुढच्या काळातल्या या दोन वाद्यांसाठीच्या देखण्या रचनांपैकी बऱ्याचशा फ्रेंच आहेत. प्रथमच जाणाऱ्यांनी बिझेच्या ‘कार्मेन’ (1875) या ऑपेरातील तिसऱ्या अंकाआधीचे वादन आधी ऐकून जावे. तिथे हार्पच्या शांत झुळझुळीवर फ्लूटची एकच दीर्घ चाल उभी राहते, आणि मी वर म्हटलेली सगळी गोष्ट पहिल्या काही क्षणांत कळते.

दुपारच्या वेळेविषयीही विचारणा होते. लंडनमध्ये युद्धकाळात संध्याकाळची सभागृहे बंद पडली, तेव्हा पियानोवादक मायरा हेस यांनी चित्रे हलवून रिकाम्या झालेल्या नॅशनल गॅलरीत ऑक्टोबर 1939 पासून एप्रिल 1946 पर्यंत दुपारच्या 1,698 मैफली घडवल्या. कामाच्या दिवसाच्या मधोमध लोकांना चांगले संगीत हवे असते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. शिवाय अशा मैफलीत मध्यंतर नसते, कार्यक्रम लहान असतो आणि कान ताजे असतात.

जाणार असाल तर थोडे लवकर जा, कारण हार्पवादक बहुधा अगदी शेवटपर्यंत तारा जुळवत असतो आणि तेही ऐकण्यासारखे असते. खुर्ची अशी निवडा की त्याचे पाय दिसतील. फ्लूटच्या अगदी समोर बसू नका, थोडे मागे आणि बाजूला बसा. तिथे दोन्ही वाद्यांचा तोल अधिक चांगला लागतो.