भुसावळचा मे महिना अन् गॅडोलिनियम

काल फ्रीजवाला परत येऊन गेला. "गॅस गेला भाऊ." तीन वर्षांत तिसऱ्यांदा! बाहेर 45 डिग्री, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, अन् शेजारचे काका आमच्या माठाचं पाणी पीत बसलेले. मी आपलं सहज बोलून गेलो की काका, बिनागॅसचा फ्रीजपण असतो, चुंबकावर चालणारा. काका म्हणे, "काय सांगू राह्यला भो?"

मग काय, एमएस्सीला फिजिक्स केलेल्या माणसाला एवढं पुरतं.

कोथिंबिरीच्या जुडीचा रबर काढून दिला काकांना. झटकन ताणा, लगेच वरच्या ओठाला लावा. कोमट लागतो. आता तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग सैल सोडा अन् परत ओठाला लावा. गार! काकांनी चार वेळा करून पाहिलं. गॅडोलिनियम नावाच्या धातूचं अस्संच आहे, फक्त ताणायच्या जागी चुंबकात धरायचं. आतले अणू म्हणजे बारके बारके चुंबक, एरवी बाजाराच्या दिवसासारखे ज्याचं तोंड तिकडे, चुंबकात धरलं की सगळे एका रांगेत, अन् त्या रांगेपायी धातू तापतो. ती उष्णता पाण्याने काढून घ्यायची, चुंबक बाजूला करायचा, रांग मोडते अन् धातू थंड पडतो. एका फेरीत फार तर चार-पाच अंश, म्हणून पाणी पुढे-मागे खेळवत फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या. अमेरिकेतल्या जिओक अन् मॅकडुगल ह्या शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये गॅडोलिनियमचाच क्षार वापरून ह्याच युक्तीने पाव केल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे 273 अंशांपर्यंत, मजल मारली होती, अन् जिओकला 1949 चं नोबेल मिळालं.

आता मजा बघा. हा परिणाम सगळ्यात जोरात कुठे, तर जिथे धातूचं चुंबकपण सुटतं त्या तापमानाच्या आसपास, अन् गॅडोलिनियमचं ते आहे साधारण 20 अंश. म्हणजे जानेवारीच्या पहाटे आमच्या अंगणात त्याचा तुकडा चुंबकाला चिकटेल अन् मे महिन्यात दुपारी सुटेल. युरोपवाल्यांचं "खोलीचं तापमान" वेगळं अन् आमचं वेगळं!

पण मला खरं तर सांगायचंय ह्या फ्रीजात गॅडोलिनियमच्या तुकड्याऐवजी वापरू पाहतात त्या काचेबद्दल. धातूची काच. जळगावच्या सराफा बाजारात सांगून पाहा, पहिली धातूची काच सोन्याची होती, सोनं अन् सिलिकॉन, 1960 मध्ये कॅलिफोर्नियात डुवेझ नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये झालेली. खडीसाखर अन् चिक्की दोन्ही साखरच ना? पाक सावकाश गार होऊ दिला तर खडे धरतात, फरशीवर पटकन ओतला तर काचेसारखा थिजतो. वितळलेल्या धातूचं तेच, फक्त इथे पटकन म्हणजे सेकंदाला लाखो अंश. गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर धार सोडतात अन् पलीकडून पट्टी उडते. कॉलेजात असताना एका लॅबमध्ये तसली पट्टी हातात घेतली होती, गोळ्यांच्या पाकिटाच्या पन्नीएवढी पातळ, पण वाकवून सोडली की टणकन सरळ.

ह्या काचेत कुठल्याच दोन अणूंचे शेजारी सारखे नसतात, त्यामुळे चुंबकपण एका ठरावीक अंशाला सुटत नाही, हळूहळू सुटत जातं. म्हणजे थंडाव्याचं शिखर बुटकं पण डोंगर रुंद, जास्त अंशांवर पसरलेला, आपल्या सातपुड्यासारखा. मला तर हेच जास्त कामाचं वाटतं. 1997 मध्ये गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमचं स्फटिक गाजलं होतं, शिखर लई उंच, पण थोड्याच अंशांत खेळ खलास, शिवाय दर फेरीला चुंबक चढवताना-उतरवताना थोडी ऊर्जा वाया. काचेत ती गळती जवळपास नाही, अन् विजेला अडथळा जास्त म्हणून बदलत्या चुंबकामुळे धातूत जे विजेचे भोवरे फिरतात त्यांनी तापतही कमी.

मग आणू या का घरी? नाही ना! गॅडोलिनियम-ॲल्युमिनियम-कोबाल्टच्या काचा रंगात येतात 100 केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे 170 अंश, अर्बियम-होल्मियम ह्या धातूंच्या त्याच्याही खाली. त्यांची जागा हायड्रोजन द्रवरूप करायला, तो व्हायला उणे 253 लागतात. आपली केळी तर 13 च्या खाली गेली की सालच काळी पडते, शीतगृहवाल्या कोणालाही विचारा. अन् शोधनिबंधांमधले झकास आकडे बहुतेक 5 टेस्लाला (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) मोजलेले असतात, म्हणजे अतिवाहक चुंबक आला, जो खूप गार असतानाच चालतो, मग त्यालाच गार ठेवायला आधी वेगळं यंत्र. घरच्या फ्रीजात बसेल असा कायमचा चुंबक एक-दीड टेस्ला देईल, तोही महाग. "बिनागॅसचा फ्रीज आला" असल्या बातम्यांत हे कोणी लिहीत नाही, त्याचा राग येतो मला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "मंग त्या गॅसवाल्याला किती दिले?"

अठराशे. रबर बोटात अडकवून काका घरी गेले, नातवाला दाखवतो म्हणे.