अळूच आहे ना हे?

हरतालिकेच्या दिवशी आमच्या नर्सरीच्या मोबाइलला उसंत नसते. दुसऱ्या दिवशी गणपती, पूजेला एकवीस पत्री हव्यात, आणि बाजारातून आणलेल्या जुडीत नेमकं काय बांधलंय याची घरोघरी शंका. ‘ही डोरली का?’ ‘हा अर्जुन का?’ डोरलीच्या पानाच्या शिरेवरसुद्धा काटे असतात. अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी, देठाला लागून बारीक गाठी दिसतात. फोटोत तेवढं दिसलं की काम झालं. पण लोक ओट्यावर जुडी ठेवून वरून फोटो काढतात, त्यात हिरव्या रंगापलीकडे काही कळत नाही.

त्याच गर्दीत संध्याकाळी न्यू जर्सीहून फोटो आले. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंची सून. तिकडे सकाळ होती. “काका, ऋषिपंचमीच्या भाजीला अळू हवंय. परसात दोन झाडं आहेत. अळूच आहे ना हे?” गड्डे तिथल्याच दुकानातून ‘एलिफंट इअर’ म्हणून आणलेले. या एका नावाखाली तिकडे अळूच्या कुळातल्या निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. मोबाइलवरच्या ॲपनं दोन्ही झाडांना एकच नाव दिलं होतं.

मी म्हटलं, “ताई, पान उलटं करा आणि देठ पानाला कुठे चिकटलाय तो फोटो पाठवा. एक फोटो लांबून, अख्ख्या झाडाचा.”

फोटो आले आणि पहिल्या झाडाचा निकाल लागला. देठ थेट पानाच्या खाचेत येऊन मिळालेला, पानं चकचकीत, टोकं आभाळाकडे. ही अ‍ॅलोकेशिया, अळूच्या कुळातलीच पण शोभेची, भाजीत घालायची नाही. अळूचं पान खाली झुकतं आणि त्याचा देठ खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीला चिकटतो. दुसरं झाड अगदी तसंच होतं. सूनबाईंनी हौसेनं पानावर पाणी ओतून व्हिडिओही पाठवला. थेंब मोत्यांसारखे घरंगळत गेले. ‘अळवावरचं पाणी’ आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत, पण ओळख पटवायला माझा भरवसा देठावर जास्त.

“बघा काका, देठ पण काळे आहेत. म्हणजे वडीचंच अळू!”

खरी अडचण इथे होती. जात तीच, कोलोकेशिया एस्कुलेंटा. काळ्या देठाचं अळू आपण वडीला शोधून आणतो हेही खरं. पण बागेसाठी विकलेला वाण रंग पाहून निवडलेला असतो, घशाला खाजतो की नाही याची परीक्षा कुणी घेतलेली नसते. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. या सुया पानाच्या पेशींत जुड्या करून बसलेल्या असतात आणि तोंडात, घशात टोचतात. दिवाणखान्यातल्या डिफेनबेकियाचं पान मुलानं चावलं की तोंड सुजतं ते याचमुळे. कोकणात पावसाळ्यात तेरं, म्हणजे रानातलं अळू, खातात, तेही खाजरंच. पण रांधणारीला आपल्या बांधावरचं तेरं माहीत असतं, ती आमसूल किंवा चिंच सढळ हातानं घालते आणि भाजी गळेपर्यंत शिजवते. शिवाय शोभेच्या गड्ड्यांवर दुकानात कसली औषधं मारली होती, कोण सांगणार?

या सुया फोटोत दिसत नाहीत. नाव मी छातीठोकपणे सांगितलं, खायला मात्र नको म्हटलं. सूनबाई जरा हिरमुसल्या. “मग नावाचा उपयोग काय?” असं त्यांनी लिहिलं. प्रश्न रास्त होता. मी एवढंच कळवलं की झाड अळूचं आहे, भाजीवाल्याकडचं नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गुजराती दुकानं आहेत, तिथे पात्र्याची, म्हणजे त्यांच्या अळूवडीची, पानं विचारा. तासाभरानं जुडीचा फोटो आला. देठ कापलेले, पण पाठीवर त्यांचे ठसे खाचेपासून आत, जिथे हवे तिथेच. खाण्यासाठीच पिकवलेलं अळू. चिंच तरीही घाला म्हटलं.

परसातली दोन्ही उपटून टाकू का, असं त्यांनी विचारलं. कशाला? दोन्ही देखणी आहेत. फक्त कापताना हातमोजे घाला, लहान मुलाला जवळ जाऊ देऊ नका, आणि पहिलं दव गोठून पानं काळवंडली की गड्डे काढून तळघरात कोरड्या पीटमध्ये, म्हणजे कुंडीत घालतात त्या शेवाळाच्या भुशात, ठेवा.