तिला काय सांगायचे?

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात मी परिचारिका आहे. शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची तयारी करून घेणे हे माझ्याकडचे मुख्य काम. त्यात कागदपत्रे, रक्ताच्या चाचण्या, रक्तदात्यांची सोय, नखे कापणे आणि केसांतल्या उवा काढणे इथपर्यंत सगळे येते. दंतवैद्याकडे पाठवले की ऑपरेशन हृदयाचे असताना दात कशाला, असा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. किडलेल्या दातांतले जंतू रक्तात उतरून हृदयाच्या अस्तराला संसर्ग करू शकतात, हे सांगितले की पटते. सर्दी-खोकल्यामुळे तारीख पुढे गेली, तर मात्र पटवून देणे जड जाते. अशा वेळी भूल दिल्यावर श्वासमार्ग आवळण्याचा धोका वाढतो, हे पुन्हा पुन्हा समजावावे लागते.

जालना जिल्ह्यातून आलेल्या एका वडिलांच्या बाबतीत मात्र यातले काहीच अडले नव्हते. त्यांची मुलगी पहिलीत होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला आले असताना तिच्या हृदयात जादा आवाज ऐकू आला, आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असल्याचे निघाले. छिद्राला एका बाजूने पुरेसा काठ नव्हता, म्हणून मांडीतल्या रक्तवाहिनीतून छिद्र बुजवणारी छोटी छत्री नेऊन बसवता येणार नव्हती. छाती उघडूनच ते बंद करावे लागणार होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मंजुरी आली होती, आणि रेशनकार्डापासून इकोच्या अहवालापर्यंत प्रत्येक कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत लावून आणल्या होत्या.

मी पिशवी तपासत असताना मुलीने मला विचारले, "सिस्टर, माझा फोटो कधी काढणार?"

मोठ्या मशीनवर फोटो काढायचा आणि मग मामाकडे जायचे, असे तिला घरून सांगितलेले होते. वडिलांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, सांगितलं तर रात्रभर रडंल ती. तिची आई तान्ह्या बाळाला घेऊन गावाकडं हाय. मला एकट्याला नाही जमायचं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ती भीती मला पूर्ण समजत होती. तरीही मी ऐकले नाही. शस्त्रक्रियेनंतर मूल अतिदक्षता विभागात जागे होते, तेव्हा अनेकदा घशात श्वासाची नळी असते, छातीतून पाणी काढणारी नळी असते, आणि नळ्या ओढू नयेत म्हणून हातही सैलसे बांधलेले असतात. पप्पा आपल्याशी खोटे बोलले हे तिला तिथे कळले असते, आणि का म्हणून विचारायला आवाजही फुटला नसता.

आमच्या कपाटात एक कापडी बाहुली आहे. तिच्या छातीवर पट्टी आहे, नाकाला आणि हाताला नळ्या लावलेल्या आहेत. ती मी वडिलांच्या हातात दिली आणि म्हटले, "दादा, तुम्हीच सांगा, मी इथेच बसते." सुरुवातीला ते बाहुलीकडेच पाहून बोलत राहिले. हळूहळू मुलगी त्यांच्या मांडीला टेकली आणि प्रश्न विचारू लागली. दुखेल का? वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की कापताना तू गाढ झोपलेली असशील, तेव्हा काही कळणार नाही. जागी झाल्यावर दुखेल, आणि त्यावर आम्ही लगेच औषध देऊ. भोक शिवायचा दोरा कुठल्या रंगाचा असतो? निळा. मग पप्पा कुठे असतील? "दाराच्या बाहेर," वडील म्हणाले, "आत घेतील तेव्हा लगेच येईन." ती थोडा वेळ रडली, पण वडिलांना वाटले होते तशी रात्रभर नाही.

त्यानंतर वडिलांना स्वतःलाही विचारायचे धैर्य आले. काळजीपोटी ते तिला संध्याकाळपासूनच उपाशी ठेवणार होते. भुलेच्या वेळी पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून जेवण आणि दूध सहा तास आधी थांबवायचे असते. साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते, कारण नको तितका उपास मुलाला उगाच कोरडे पाडतो. डोक्यावरून कपडा चढवताना छाती ताणली जाऊ नये, म्हणून पुढून बटणे असलेले फ्रॉक लागतील, हे ऐकल्यावर त्यांनी लगेच गावी फोन लावून पत्नीला शिंप्याकडे पाठवले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. हृदयाभोवतालच्याच आवरणाचा तुकडा लावून छिद्र बंद केले होते. ती जागी झाल्यावर वडिलांना ठरल्याप्रमाणे आत घेतले. नळी अजून निघाली नव्हती. त्यांना पाहून तिने बोटे हलवली आणि नळ्यांशी अजिबात झटापट केली नाही.

घरी जायच्या दिवशी आई ते फ्रॉक घेऊन आली आणि सवयीने मुलीच्या काखेत हात घालून तिला उचलायला वाकली. मी काही बोलायच्या आत वडिलांनी तिला थांबवले. मधोमध कापलेले छातीचे हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात, तोवर एक हात पाठीखाली आणि दुसरा बुडाखाली घालूनच उचलायचे, हे त्यांनी तिला समजावले आणि तसे उचलून दाखवले.