वकिलाशिवाय ग्राहक आयोगात: बार्शी ते सोलापूर, सोयाबीनच्या बियाण्यासाठी

पेरलेलं सोयाबीन निम्मंही उगवलं नाही. कंपनीचा माणूस बांधावर आला, "पेरणी खोल गेली असेल" म्हणाला आणि निघून गेला. मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार केली आणि ती स्वतःच चालवतोय. आमच्या भागात दर खरिपात कुणा ना कुणावर ही वेळ येते. पैसे बुडाले म्हणून लोक गप्प बसतात, कारण कोर्टाची भाषा कळणार नाही अशी भीती असते. त्या भीतीपायी हक्क सोडू नका, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वैरागमार्गे जाणारी सकाळची पहिली एसटी धरा. साडेदहाच्या आत आयोगात पोचलेलं बरं. गेल्यावर आधी बोर्ड बघा, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. आपला तक्रार क्रमांक कितवा आहे ते वहीत लिहा. नंबर दूर असला तरी बाहेर चहाला जाऊ नका. पुकारा झाला आणि तक्रारदार हजर नसेल, तर गैरहजेरीत तक्रार निकाली निघू शकते. हातात वेळ असेल तर पुढची प्रकरणं ऐकत बसा. वकील उभे राहून काय मागतात आणि अध्यक्ष काय विचारतात, ते तासाभरात बरंच उलगडतं.

पहिली तारीख दाखल करून घेण्याची असते. "वकील नाही का?" असं अध्यक्षांनी विचारलं. "नाही मॅडम, मीच चालवणार," म्हणालो. "बरं, वादाला कारण कधी घडलं?" एवढाच पुढचा प्रश्न. म्हणजे नुकसान कधी झालं, कधी कळलं. हे महत्त्वाचं, कारण त्या तारखेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि त्याला सबळ कारण लागतं. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. फी ठरते ती मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीच नाही, त्यामुळे बियाण्याच्या पिशव्यांना एक रुपयाही भरावा लागला नाही.

तक्रार दाखल झाली की आयोग नोटीस काढतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो सामनेवाला. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार आणि कागदांचे आयोगासाठी ३ संच, प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक आणि आपला एक, असे संच तयार ठेवा आणि पानांना नंबर घाला. सामनेवाल्याचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. नोटीस मिळाल्यापासून त्याला ३० दिवस मिळतात, आयोगाने मुभा दिली तर आणखी १५. ४५ च्या पुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून नोटिशीची बजावणी कधी झाली ते तारखेला विचारून घ्या आणि दिवस मोजा. आम्हाला मुदत द्या, असं समोरचे वकील सहज म्हणतात. तेव्हा उभं राहून दिवस सांगता आले पाहिजेत.

समोरच्याने कुठलाही अर्ज दिला की आपल्याला "से द्या" म्हणतात. म्हणजे त्या अर्जावर आपलं म्हणणं लेखी द्यायचं. घाबरायचं नाही, मराठीत दोन-चार ओळी चालतात. पुढे पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आपला पुरावा शपथेवर लिहून देणं. मग पुरसिस, म्हणजे आपल्याला आणखी पुरावा द्यायचा नाही असं लिहून देणं. त्याआधी सगळे कागद यादीसह दाखल झालेत ना, ते एकदा तपासा. त्या-त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं. पुढच्या तारखेआधी तो वाचा.

खरं तर या प्रकरणांचा निकाल शेतातच ठरतो. उगवण कमी दिसली की त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची बियाणे तक्रार समिती येऊन पंचनामा करते. इकडे पाऊस थांबत नाही, दुबार पेरणीची घाई असते. सगळं रान मोडू नका, पंचनामा होईपर्यंत एक पट्टा तसाच ठेवा. पावती, लॉट नंबर असलेला टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं जपा. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के असावी लागते, त्यामुळे पंचनाम्यात टक्का स्पष्ट लिहून घ्या. पेरणी किती खोल, ओल किती, पाऊस कधी झाला हेही त्यात येऊ द्या. कंपनीचा बचाव नेमका तिथूनच सुरू होतो.

बियाणं प्रयोगशाळेत तपासलं नाही म्हणून तक्रार फेटाळा, असंही ते म्हणतात. यावर २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी असू द्या: नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी. शेतकरी ग्राहक आहे, आणि सगळं बियाणं पेरून टाकणाऱ्याकडून तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, असं त्यात म्हटलंय. मी त्याची छापील प्रत दिली आणि नेमक्या ओळींवर खूण केली. युक्तिवादात तोंडी थोडंच बोललो, बाकी लेखी दिलं. स्वतः चालवणाऱ्याने लेखी युक्तिवाद द्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

तज्ज्ञाची उलटतपासणी वगैरे निघाली तर मात्र वकील घ्या, हट्ट करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. १५१०० वर फोन करून विचारा. तक्रार करण्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवली तर पाठपुराव्याचा तोही पुरावा होतो.

माझं प्रकरण आता आदेशासाठी ठेवलंय. आदेशाची प्रमाणित प्रत पक्षकारांना मोफत मिळते. अपील राज्य आयोगात, आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवसांत. कंपनीला अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद, किमान २५ हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दरखास्तीला प्रमाणित प्रत लागते, तेव्हा ती मिळाली की आधी दोन झेरॉक्स काढून ठेवा.