पुस्तकात नसलेला डबा

कादंबरी आत्मचरित्रात्मक आहे आणि तिच्यात सगळं उघडंवाघडं लिहिलंय. पटकथेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा निर्मात्याला काळजी फक्त सेन्सॉरची. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं की टीव्हीचे पैसे बुडाले, म्हणून त्याला २०२४ च्या नियमांतलं 'यूए १६+', म्हणजे सोळाच्या खालच्यांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायचं, हवं होतं. ते जमणार नाही म्हटल्यावर स्वारी ओटीटीकडे वळली. तिथं बोर्डाकडे जावं लागत नाही. गोष्टीबद्दल त्यानं आजवर एक अक्षर विचारलेलं नाही.

'दोघं जवळ येतात' एवढं लिहून मोकळे होणारे पटकथाकार पुष्कळ आहेत. मग सेटवर आयत्या वेळी सगळं नटीच्या गळ्यात पडतं. मी असा प्रसंग मारामारीसारखा लिहितो: आधी कोण हलतं, हात कुठं थांबतो, अंगावर काय आहे, कॅमेऱ्याला काय दिसतं. नटांचे करार त्यावरून होतात. इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे जवळिकीचे प्रसंग नटांना सांभाळून बसवणारी बाई, त्यावरूनच तालीम लावते; अंगाच्या रंगाचे पॅच, टेप, दोघांच्या मधली पातळ उशी, सगळं आधी ठरतं. कागदावर नाही ते सेटवर नाही.

पटकथेचं वाचन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये ठेवलं होतं. शूटिंगला बंगला अजून मिळाला नव्हता. कादंबरीचं नाव ऐकलं की मालक फोन ठेवायचे. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' या मूकपटात बायकांना पडद्यावर आणलं, हे अभिमानानं सांगणारं हे आमचं गाव!

प्रसंग असा: पेठेतली भाड्याची खोली, तेविशीतला नायक, आणि त्याला डबा देणारी वरच्या मजल्यावरची बाई. पुस्तकात तो शोभतो, कारण साठीतला माणूस स्वतःच्या उतावळेपणावर हसत सांगतोय. पडद्यावर ते हसू आणायचं कुठून, यावरच माझं डोकं चालू होतं. नटी इथल्याच हौशी रंगभूमीवरची. तिनं वेगळंच काढलं.

"सर, मी दोनदा वाचलो. ह्याच्या मनात काय चाललंय ते चार पानं आहे. माझं काय चाललंय?"

लेखक म्हणाले, "अगं, ते तिचं तिला माहीत. मी माझं लिहिलंय."

"मग मी तोंड कसं ठेवू?"

दिग्दर्शक म्हणाला, कॅमेरा पंख्यावर नेऊ. आमच्याकडे अडलं की पंखा.

कोऑर्डिनेटरनं लेखकांना साधंच विचारलं, "दुसऱ्या दिवशी त्या काय बोलल्या?"

लेखकांनी चष्मा काढून पुसला. "बोलायचं काय? दुसऱ्या दिवसापासनं डबा बंद झाला. मी खानावळ लावली."

"हे पुस्तकात कुठं आहे?" मी विचारलं.

"नाही. त्यात काय लिहायचं?"

त्या चार पानांकडे मला आता पूर्वीसारखं बघता येत नाही. ती बाई चिडली होती, घाबरली होती की घरात कुणाला कळलं होतं? लेखकांनी तिला कधी विचारलं नाही, आणि आम्ही हक्क घेतलेत ते त्यांच्या पुस्तकाचे. ती बाई कदाचित अजून याच गावात असेल.

मी रात्री बंद दाराचा आणि रिकाम्या डब्याचा प्रसंग लिहिला. अर्धं पान, कुणी कुणाला शिवत नाही. नटी म्हणते, हा असेल तर आधीचा करतो, नाहीतर नाही. दिग्दर्शकालाही आवडलाय. लेखक म्हणतात, "त्यानं मी वेगळाच माणूस दिसतो." आणि पुस्तकाबाहेरचा प्रसंग त्यांच्या लेखी होकाराशिवाय घालायचा नाही हे कलम करारात आहे. लेखकाची फरफट होऊ नये म्हणून मीच भांडून घालून घेतलेलं.