साठ टक्के कशाचे?

आज ऑफिसचा सेल्फ अप्रेझलचा, म्हणजे स्वतःच्या कामाचं स्वतःच मूल्यमापन करायचा, फॉर्म भरला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. बाकीचे रकाने पटापट झाले, प्रोजेक्ट कधी दिला, रिपोर्ट किती गेले, त्याचे आकडे समोरच असतात. अडलं ते ‘टीममधल्या नवीन मंडळींना तयार करणे’ इथे. पुढे चौकोन, किती टक्के पूर्ण? शब्द लिहिले की चौकोन लाल होतो, पुढे जाऊच देत नाही. शेवटी ६० टाकले, सबमिट केलं आणि तशीच बसून राहिले. साठ कशाचे?

शंभर म्हणजे काय असतं इथे? मागच्या आठवड्यात क्लायंटच्या कॉलमध्ये टीममधल्या एका नव्या मुलीने मला मेसेज न करता स्वतःच सांगून टाकलं की ही तारीख जमणार नाही, का जमणार नाही ते सांगितलं, आणि त्याऐवजी कुठली देऊ शकतो तेही. आवाज जरा कापत होता, पण बोलली. वर्षाच्या सुरुवातीला हीच मुलगी म्यूट काढायला घाबरायची. मी काही न करता नुसती ऐकत होते, आणि माझं या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला मनापासून वाटतं. ते त्या साठात आलं का?

जास्त लागलंय ते हे, की वाचणारा साठ वाचेल आणि चाळीस बघेल. इतकं जीव ओतून केलेलं, आणि त्याचं कमी पडलेलंच दिसणार.

हा फॉर्म ज्यातून आला ती ओकेआरची पद्धत, म्हणजे ध्येय आणि ते गाठल्याचे मोजता येणारे निकाल आधीच लिहून ठेवायचे, आमच्याकडे आली तेव्हा मी हौसेने वाचलं होतं. अँडी ग्रोव्ह यांनी ती इंटेलमध्ये बसवली, गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलला नेली. तिथे ०.६ ते ०.७ गुण चांगले धरतात, कारण ध्येयच सहज हात पोचणार नाही इतकं उंच ठेवायचं असतं, दरवेळी पूर्ण १ मिळत असेल तर ध्येय छोटं होतं असं समजायचं. आणि हे गुण कामाच्या मूल्यमापनासाठी वापरायचे नाहीत. आमच्याकडे फॉर्म तेवढा आला, हे सगळं मागेच राहिलं, आणि वर पगारवाढ त्यालाच जोडली. मग जे होणारच आहे तेच लोक ध्येय म्हणून लिहितात आणि शंभर टाकतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, घर सगळ्यांनाच चालवायचंय.

रात्री रोजच्या सवयींवर टिक करायचं ॲप उघडलं तर तिथे सलग दिवसांचा आकडा शून्य. ‘बाबांना फोन’ काल राहिला, कारण काल... जाऊ दे. पण एकदम शून्य? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींवर अभ्यास केलाय, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. ॲप मात्र एका दिवसासाठी सगळं पुसून टाकतं. शिवाय टिक तरी कशाची? ‘औषध घेतलं का, बरं, ठेवते’ याला जी टिक, तीच त्या रविवारच्या फोनला, जेव्हा बाबा पहिल्यांदा आईबद्दल बोलले.

आता लिहिता लिहिता जरा शांत झालेय. आकडे नकोतच असं नाही माझं. कर्ज किती फिटलं, पळायला वेळ किती लागला, इथे आकडाच हवा, नाहीतर ‘चाललंय बरं’ म्हणत वर्षं निघून जातात. माणसांच्या बाबतीत मात्र मला आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं, हे तारखेसकट लिहिलेलं जास्त खरं वाटतं. साठ राहू देत, वाचणाऱ्याला काय वाचायचं ते वाचू दे.

बाबांचं ॲपमधून काढून टाकलं. ते मोजायचं नाहीये मला.

पुढच्या वर्षाची ध्येयं शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. तिथे टक्के न लिहिता असं लिहिणारे की वर्षअखेरीपर्यंत नव्यांपैकी दोघांनी तरी मी कॉलवर नसताना क्लायंटची मीटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायची. हे झालं की नाही ते कुणालाही सांगता येईल. मॅनेजरला पटायला वेळ लागेल, पण या वेळी मी बसून समजावणार आहे.