जानापावजवळची पाणलोटाची कड

इंदूरजवळ महूच्या पुढे जानापाव डोंगराच्या बाजूला एका रस्त्याचं लेव्हलिंग, म्हणजे जमिनीच्या चढउताराची मोजणी, चालू होतं. नकाशात कडेच्या नाल्याचा उतार सलग उत्तरेकडे दाखवलेला. शेतमालक मात्र हटून बसले होते, अर्ध्या शेताचं पाणी दक्षिणेला जातं म्हणून.

ऑटो लेव्हलवर, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीवर मी, स्टाफ (मापाची उभी पट्टी) धरायला आमचे रामबागेतले काका. दक्षिणेकडून सुरुवात केली. 1.420, 1.385, 1.310. रीडिंग घटतंय म्हणजे जमीन चढतेय. बांधाच्या अलीकडे 1.290 आलं आणि पुढे एकदम 1.345.

"काका, स्टाफ सरळ धरा बघू."

"अरे, सरळच आहे. इथून जमीनच उताराला लागलीय."

खरंच होतं. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या त्या काळ्या मातीत पाणलोटाची कड होती. उत्तरेचं पाणी गंभीर नदीमार्गे क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि शेवटी गंगेतून बंगालच्या उपसागराला. दक्षिणेचं चोरल नदीमध्ये. चोरल पाताळपाणीला कड्यावरून उडी घेते, नर्मदेला मिळते आणि भडोचकडून खंभातच्या आखातात जाते. मधे अंतर हातभर बांधाचं!

जानापाववर साडेसात नद्या उगम पावतात, असं इथे लहानपणापासून ऐकतो. आकडा मोजत बसू नये. पण चंबळ इथलीच, आणि एकाच डोंगराचं पाणी दोन समुद्रांना जातं हेही खरं. आम्हा इंदूरकरांनी तर त्यात भर घातली आहे. 1978पासून सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं पाणी पंपांनी विंध्य चढवून शहरात आणतो. वापरून झालं की ते कान्ह नदीतून क्षिप्रेला जातं. अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आमच्या नळातून जाऊन गंगेच्या वाटेला लागतं. त्या कान्हची आज जी दशा आहे ती बघवत नाही, आणि ती आपणच केलेली आहे.

शेतमालकांचा मुद्दा साधा होता. सगळं पाणी उत्तरेला वळवलं, तर खालच्या अंगाच्या विहिरींना पावसाळ्यात मिळणारं पाणी तुटेल. मी रीडिंगांचा तक्ता आणि उभा छेद जोडून अहवाल दिला: नाल्याचा उतार कडेपासून दोन्हीकडे काढावा आणि दक्षिणेला पाणी जायला वेगळी मोरी घालावी. वरिष्ठांनी खर्च विचारला, जागेवर येऊन स्टाफ स्वतः उभा केला आणि मोरी मंजूर केली.